पाहुणपणाची शिकवणी

मात्सुएच्या आजींचं देणं माझ्याकडून फिटायचं नाही, आणि ते फिटू नये अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. जपानमध्ये अशी व्यवस्था करणं सोपं नाही. तिथे कुणाकडून काही घेतलं की परतफेड ठरलेली. तिला ओकाएशी म्हणतात, आणि बऱ्याच प्रसंगी घेतलेल्याच्या निम्म्या किमतीचं परत द्यावं असा रिवाज आहे. गणपतीत मी शेजारी चकल्या दिल्या की लगेच तोत्तोरीच्या रसाळ नाशपातींची पिशवी आमच्या दारात. दिवाळीचा चिवडा गेला की पर्सिमनची टोपली हजर. हिशेब इतका चोख की पुढचा डबा द्यायला मन धजावेना. उगाच म्हाताऱ्या बाईला खर्चात कशाला पाडा!

आम्ही मात्सुएत कसे पोचलो ते थोडक्यात सांगते. रूबी ही संगणकाची भाषा ज्यांनी बनवली ते युकिहिरो मात्सुमोतो या शहरात राहतात. त्या जोरावर नगरपालिकेने इथे सॉफ्टवेअरचा उद्योग वाढवायला घेतला, त्यात माझ्या नवऱ्याला नोकरी मिळाली आणि त्याच्यामागून मी आणि मुलगी. शिमाने प्रांतातलं हे गाव शिन्जी सरोवराच्या काठावर आहे. किल्ला, कालवे, आणि पाऊस. जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, अशी या भागात म्हण आहे. रत्नागिरीच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

या गावाला चहाचं वेड लावलं ते मात्सुदाइरा हारुसातो या दाइम्योने, म्हणजे इथल्या संस्थानिकाने. चहाच्या जगात त्याला फुमाइ म्हणतात. जन्म 1751 चा, मृत्यू 1818 चा. गादीवर आला तेव्हा संस्थान कर्जात गळ्यापर्यंत बुडालेलं होतं. त्याच्या कारभाऱ्याने कठोर काटकसर करून ते वर काढलं, आणि तिजोरीत पैसा दिसू लागताच धनी चहाची दुर्मिळ भांडी विकत घेत सुटले. नुसती घेतली नाहीत, नामांकित भांड्यांवर अठरा खंडांचा ग्रंथही केला. प्रजेला त्याचा राग आला असेल तर तो पुढे विरघळला असावा, कारण आज दुकानादुकानांतून त्याच्याच आवडीच्या मिठाया अभिमानाने विकतात: हिरव्या पिठात घोळलेली मऊ वाकाकुसा, हाताने मोडून खायची लाल-पांढरी यामाकावा. आणि माच्चा, म्हणजे पुडीचा हिरवा चहा, इथे समारंभापुरता नसतो. घरी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला, स्वयंपाकघरात उभ्याउभ्याही घुसळतात. आमच्या घरी नळदुरुस्तीला आलेल्या माणसाने मी पुढे केलेला आल्याचा चहा प्यायला आणि तुमच्याकडे हा किती वाजता घेतात, असं गंभीरपणे विचारलं.

आजी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. एकट्या. सुरुवातीला मी त्यांची ‘ओकुसान’, म्हणजे कुणाची तरी बायको. एकदा चकल्यांचा रिकामा डबा परत करताना त्या म्हणाल्या, “गुरुवारी चहाला या. हातात काही आणायचं नाही.” त्यांचा स्वर मऊ होता, पण शेवटचं वाक्य त्या दोनदा बोलल्या.

त्यांच्याकडे चहा शिकायला तीनचार बायका यायच्या. मला त्यांनी रांगेत मध्ये बसवलं. पहिल्या पाहुण्याला यजमानाशी बोलावं लागतं, भांड्यांची विचारपूस करावी लागते. शेवटच्यालाही आवराआवरीची कामं असतात. नवख्या माणसाची जागा मध्ये, शेजारणीकडे बघून करायचं. गुडघे मोडून बसल्याने पायांना मुंग्या येऊन मग पाय आपले नाहीतच असं वाटायला लागतं, त्याबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. माझी अडचण वेगळीच होती. मला बसवत नव्हतं.

आजी किटली सरकवायला वळल्या की मी अर्धी उठायची. कुणाचा वाडगा रिकामा झाला की माझा हात पुढे. आमच्या घरी आई पंगत उठल्यावर जेवायची, माझी आजीही तशीच जेवायची, आणि मी काही त्याविरुद्ध बंड वगैरे केलेलं नव्हतं. पाहुणी म्हणून गेले तरी पदर खोचून ओट्याशी उभी राहणारी मी बाई. आजी माझ्याकडे न बघता एवढंच म्हणायच्या, “सुवात्ते.” बस. यजमान चहा करतो, पाहुणा घेतो, आणि घेणं हे कामच आहे, त्यात लुडबूड करायची नाही. मदत केली तर यजमानाने केलेल्यातलं थोडं तू काढून घेतेस, असं त्या एकदा म्हणाल्या. मला ते पटायला बराच काळ गेला.

मिठाई आधी येते. ती पूर्ण संपवायची, मग चहा. आपल्या बशीतली उचलण्याआधी शेजारणीला वाकून म्हणायचं, “ओसाकीनि”, तुमच्या आधी घेते हं. आपल्याकडे असतो तो आग्रह नाही, ‘अजून एक घ्या’ नाही, आणि घेणाऱ्याचं ‘नको नको’ही नाही. एक आहे, तुझ्यासाठी आहे, घे. दुमडलेल्या काइशी कागदावर ती ठेवायची, कुरोमोजीच्या सालासकट तासलेल्या काडीने कापायची आणि तीनचार घासांत खायची. मग वाडगा समोर येतो. त्याचा दर्शनी भाग आपल्याकडे केलेला असतो, तो थोडा फिरवून प्यायचा आणि शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. त्या आवाजावरून यजमानाला कळतं की पाहुण्याचं झालं. तोंडाने आवाज करू नये म्हणून लहानपणी खाल्लेल्या धपाट्यांचा मी इथे पुरेपूर वचपा काढला.

बशीतल्या त्या मिठाईने मला वेड लावलं ते आजींच्या लक्षात आलं. त्यांनी मला आपल्या ओळखीच्या एका निवृत्त कारागिरांकडे नेऊन सोडलं. ते कोमिन्कानमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिरात, शनिवारी शिकवायचे. फी विचारली तर आजी म्हणाल्या, “ते माझं आणि त्यांचं आहे.” दुसऱ्यांदा विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

पहिले काही शनिवार नुसता ‘आन’ करण्यात गेले. आन म्हणजे कडधान्याचा गोड लगदा, त्यांचं पुरणच म्हणा. पण आपण डाळ शिजवून, गूळ घालून, सगळंच्या सगळं वाटतो. इथे पहिल्या उकळीचं तुरट पाणी ओतून देतात, शिजलेले दाणे चाळणीवर घासून सालं टाकतात, मग जो गाळ राहतो तो पुन्हापुन्हा पाण्यात ढवळून, निवळू देऊन, वरचं पाणी काढून टाकतात. शेवटी फडक्यात पिळल्यावर हाती येतं त्याला चव म्हणून जवळजवळ नसतेच. त्यात साखर घालून तांब्याच्या पातेल्यात आटवायचं. वेलची नाही, जायफळ नाही, तूप तर नाहीच. मी वेलचीचं नाव काढलं तेव्हा कारागीरबुवांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग चहाने काय करायचं?” वासाने भरलेलं तोंड माच्चाला उपयोगाचं नाही. हे कळल्यावर मला त्या मिळमिळीत लगद्याचा आदर वाटू लागला.

पांढऱ्या घेवड्याच्या आनमध्ये चिकट तांदळाच्या पिठाची ग्युही मळून घातली की होतं नेरिकिरी. याची फुलं, पानं, फळं करतात. मला त्यातलं सर्वांत आवडायचं ते रंग विरवणं. पांढऱ्या गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात गुलाबीची चिमूटभर गोळी बसवायची आणि तिच्या कडा बोटाच्या पेराने बाहेर, बाहेर पसरत न्यायच्या, कुठे गुलाबी संपलं आणि पांढरं लागलं ते दिसेनासं होईपर्यंत. मग चपटं करून आत लाल आनची गोळी ठेवायची आणि डाव्या तळहातावर फिरवत फिरवत तोंड मिटवायचं. नंतर सानकाकुबेरा ही लाकडाची तिकोनी पट्टी घेऊन पाकळ्यांच्या रेघा. बुवा सांगायचे फार थोडं. “हात गरम आहेत,” एवढं म्हणाले की ओल्या फडक्याला हात लावून यायचं, कारण उबेने नेरिकिरी सुकून चिरा पडतात. ऋतूबाबतही त्यांचं गणित पक्कं होतं: मिठाईने नेहमी निसर्गाच्या थोडं पुढे असावं. चेरी बाहेर भरात असताना चेरीची मिठाई करणं त्यांना उशिरा पोचण्याइतकं लाजिरवाणं वाटायचं.

2021 च्या मे महिन्यात रत्नागिरीला आई गेली. करोनाची दुसरी लाट होती. त्याच महिन्यात जपानने भारतातून येणाऱ्या परदेशी लोकांना, जपानचे रहिवासी असले तरी, दार बंद केलं. गेले असते तर मुलीकडे कधी परतता आलं असतं याचा काही भरवसा नव्हता. मी गेले नाही. बाबांनी आणि भावाने सगळं उरकलं, मी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं.

जपानमध्ये अशा वेळी पाकिटात पैसे घालून देतात, त्याला कोदेन म्हणतात. वस्तीतल्या काहींनी दिले आणि त्यांची रीतीप्रमाणे परतफेड मी केली. आजींकडून पाकीट आलं नाही. काही दिवसांनी त्यांनी कुंपणावरून विचारलं, तुझ्या आईच्या अंगणात कोणतं फूल होतं? मी प्राजक्ताचं सांगितलं. रात्री फुलतो, पहाटे गळतो, फुलं बहुतेक उपडी पडतात आणि केशरी देठ वर राहतो. आई ती वेचायला मला उठवायची आणि मी उठायची नाही. त्यांनी ऐकून घेतलं, आणखी काही विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांनी मला चहाला बोलावलं. एकटीला. बशीत नेरिकिरीचं एक पांढरं फूल होतं, उपडं, पाकळ्यांच्या कडा जरा दुमडलेल्या, आणि मधोमध केशरी देठाचा बारीक तुकडा. कारागीरबुवांनी ते फूल आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. फुलाचा मोसम ऑगस्टपासूनचा आहे असं मी नंतर त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाले, “थोडं आधीच झालं म्हणजे. चालेल.”

त्या दिवशी आजी आईबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी उकळल्याचा आवाज, बांबूच्या घुसळणीचा आवाज, आणि मी नुसती बसून. ओसाकीनि म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मी मिठाई तशीच उचलली. कोदेनचं पाकीट दिलं असतं तर त्याचं निम्मं मी परत केलं असतं आणि हिशेब मिटला असता. या चहाचं निम्मं कसं काढायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आता आम्ही पुण्यात आहोत. पांढरा राजमा इथे मिळतो, त्याचं आन छान होतं. ग्युहीचा प्रश्न होता, कारण मोदकाच्या पिठाला तो चिवटपणा येत नाही. मग आसामचा बोरा तांदूळ सापडला, तो दळून घेते. फोटो पाठवले की आजी बुवांना दाखवतात आणि त्यांचा शेरा कळवतात. गेल्या खेपेचा शेरा होता: देठ जाड.

श्रावणात रत्नागिरीला गेले तेव्हा बाबांसाठी प्राजक्त केला. त्यांना ओसरीवर बसवलं, बशी पुढे ठेवली, काडी दिली. त्यांनी काडी बाजूला ठेवून फूल उचललं, दोन घासांत संपवलं आणि बशी पुढे केली. रिवाजाप्रमाणे एकच असतं. मी दुसरं दिलं. मग माच्चाचा वाडगा दिला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

“गोड झकास झालंय,” ते म्हणाले. “चहा मात्र आपला टाक.”