कल्याणचे प्राध्यापक, अंदमानचे नायब राज्यपाल

सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्याला राज्यपाल हा शब्द रोज भेटतो, राज्यपाल मात्र क्वचितच! आमच्या प्रत्येक अधिसूचनेच्या तळाला एक ओळ असतेच - गोव्याच्या राज्यपालांच्या आदेशाने व नावाने. जुनी दप्तरे सोडली तर १९८७ पूर्वीच्या कागदांवर त्या जागी 'प्रशासक' दिसतो. गोवा, दमण आणि दीव तेव्हा संघप्रदेश होता आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'लेफ्टनंट गव्हर्नर' हाच शब्द. पण आम्हांला १९६३ पासून विधानसभा होती, त्यामुळे राज्य कोणाचे असे विचारले तर लोक भाऊसाहेब बांदोडकरांचेच नाव घेत. अंदमान-निकोबारला तेवढेही नाही. दिल्लीत एक खासदार पाठवायचा आणि बाकी सगळा कारभार नायब राज्यपालांच्या सहीने.

या पदावर एक मराठी माणूस, तोही मराठीचा प्राध्यापक, जाऊन बसला होता हे किती जणांना आठवते? राम कापसे. याच माणसावर एकदा निपाणीत माझी आणि सासऱ्यांची रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली.

निपाणी माझी सासुरवाडी. तंबाखूच्या वखारींचा वास अंगात भिनलेले गाव. सासरे निवृत्त शिक्षक, सीमाप्रश्नाच्या कात्रणांची त्यांची एक जाडजूड फाईल आहे. सप्टेंबर २०१५ संपता संपता कापसे वारले, ती बातमी वाचून ते म्हणाले, "जावईबापू, ह्या माणसाचं नशीब बघा. मतं मिळवली तिथून उठवलं, आणि जिथं एक मत मागितलं नाही तिथं राज्य दिलं की हो!"

खोटे नव्हते ते. कापसे जनसंघाच्या मुशीतले. कल्याणमधून आमदार झाले. मग १९८९ आणि १९९१ असे दोनदा ठाण्याचे खासदार. मुंबईच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसांचा तो मतदारसंघ. १९९६ ला युतीच्या वाटपात ठाणे शिवसेनेकडे गेले आणि दोनदा निवडून आलेल्या माणसाची जागा बोलाचालीत संपली. जागावाटप हा प्रकार आम्हां गोवेकरांना काही नवा नाही, त्यावर अधिक काय लिहू!

जानेवारी २००४ मध्ये वाजपेयी सरकारने त्यांना पोर्ट ब्लेअरला धाडले. (या शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले.) मे महिन्यात दिल्लीतले सरकार बदलले. जुलैत नव्या सरकारने चार राज्यपालांना घरी बसवले. त्यांत आमच्या दोनापावलाच्या राजभवनातले केदारनाथ सहानी होते, वाचकांना आठवत असेलच. कापसे मात्र राहिले. का राहिले याचा तर्क सासरे असा करतात, की बेटांकडे दिल्लीचे लक्षच नव्हते. मला हे फारसे पटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

लक्ष नव्हते असे म्हणावे, तर ऑगस्टमध्ये सेल्युलर जेलजवळच्या स्वातंत्र्यज्योतीवरची सावरकरांच्या वचनाची पाटी निघालीच. हुकूम पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांचा. महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती, नुसता गदारोळ उठला. सावरकरांविषयी कोणाचे मत काहीही असो, मला त्या वेळी कापशांची खुर्ची दिसते. आयुष्य ज्या विचारात गेले त्याचेच दैवत, पाटी आपल्या बेटावरची आणि हुकूम दिल्लीचा. नेमलेल्या माणसाचे हात किती लांब असतात ते अशा वेळी कळते.

बेळगावकरांना सावरकरांचा तुरुंग अंदमानइतका दूर वाटत नाही. १९५० साली लियाकत अली दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना पकडून ठेवले ते हिंडलग्याच्या तुरुंगात. आंबोलीवरून वेंगुर्ला रस्त्याने बेळगावात शिरताना हिंडलगा लागते.

मग आली २६ डिसेंबर २००४ ची सकाळ. कार निकोबारवरचा हवाई दलाचा तळ लाटेखाली गेला, कच्छाल बेटावरच्या वस्त्याच्या वस्त्या पुसल्या गेल्या, इंदिरा पॉइंटची जमीनच चार मीटरच्या वर खचली. बेटांवर मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. २००१ च्या जनगणनेत सगळ्या बेटांची लोकसंख्या जेमतेम साडेतीन लाख, म्हणजे शंभरात एक! धक्के तोडून टाकलेले, बोटी लागणार कुठे? शेकडो किलोमीटर समुद्रात विखुरलेल्या बेटांवर तांदूळ, पाणी, ताडपत्री पोचवायची. सैन्यदले राबली, आणि प्रशासन हळू चालते म्हणून टीकाही भरपूर झाली. त्या टीकेला उत्तर द्यायला तिथे आमदार नव्हता, मुख्यमंत्री नव्हता. ऐकून घ्यायला एकटे नायब राज्यपाल. कारकून म्हणून मला माहीत आहे, संकटात प्रत्येक फाईल वरच सरकते. पण वर एकच टेबल असले तर?

सासऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचं उलटं झालं बघा. आम्ही माणसं निवडून दिली, टेबलच दिलं नाही कुणी."

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. अंदमान-निकोबार संघप्रदेश झाले तेही नेमके त्याच दिवशी, एकाच पुनर्रचनेत. १९५७ पासून सीमाभागाने समितीचे आमदार बेंगळुरूला पाठवले. ज्या सभागृहातून बाहेर पडायचे त्याच सभागृहात जाऊन बसायचे! महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटले, बेळगाव मात्र नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि निपाणीही राहून गेली. गावाला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, आणि तिथे शिकायला जाणारी पोरे कर्नाटकातली. माझी बायको त्यांतलीच. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. सासरे या विषयावर बोलत नाहीत.

कापसे मे २००६ पर्यंत बेटांवर होते. शेवट कल्याणातच झाला. मृत्यूची बातमी सासऱ्यांनी कात्रीने नीट कापली, मागे तारीख लिहिली आणि सीमाप्रश्नाच्या फाईलमध्ये लावली. म्हटले, "मामा, यांचा सीमाप्रश्नाशी काय संबंध?"

"२००४ सालाखाली लावतोय," ते म्हणाले. "सुप्रीम कोर्टात दावा घातला ते साल. कप्पा अजून रिकामाच आहे."

दाव्याला वीस वर्षे उलटून गेली. कप्प्यात ते एकच कात्रण आहे.