बर्फाचे दप्तर

ज्या मुलखात बर्फाचे दर्शन रसवंतीगृहातल्या, भुशात गुंडाळलेल्या लादीपलीकडे सहसा होत नाही, त्या मुलखाच्या माणसाने ध्रुवप्रदेशाची चिंता वाहावी, हे वरवर पाहता चमत्कारिक दिसेल. परंतु ध्रुवांशी मराठी माणसाचे, त्यातही सरकारी नोकरीत मुलूख सोडून आलेल्या मराठी माणसाचे नाते दिसते तितके दूरचे नाही, असे आम्हांला वाटते.

हे नाते प्रथम जोडले ते लोकमान्यांनी. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' ह्या ग्रंथात त्यांनी आर्यांचे मूलस्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. वेदांतल्या दीर्घ उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि तितकीच रात्र, ह्यांचा उलगडा त्यांनी ध्रुवावरच्या आकाशात शोधला. एके काळी तेथील हवामान सौम्य होते, पुढे बर्फ आला आणि माणसांना घर सोडावे लागले, असा त्यांचा सिद्धान्त. विद्वानांनी तो मान्य केलेला नाही. तथापि हवामान पालटले की बिऱ्हाड हलवावे लागते, हे त्यातले सूत्र बदलीचा हुकूम हाती घेतलेल्या माणसाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. भेद इतकाच, की लोकमान्यांच्या कथेत बर्फ येतो आणि आजच्या कथेत तो जातो.

लोकमान्यांना ध्रुवाचा पूर्वेतिहास शब्दांत शोधावा लागला, कारण बर्फाचे दप्तर त्या काळी कोणी उघडलेच नव्हते. 'दप्तर' हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजतो. ध्रुवावर एका वर्षाच्या हिमावर दुसऱ्या वर्षाचे हिम साचते आणि भाराने दबून त्याचा घट्ट थर होतो. त्या थरात त्या काळची धूळ, ज्वालामुखींची राख आणि बारीक बुडबुड्यांत त्या काळची हवा जशीच्या तशी कोंडलेली असते. अंटार्क्टिकातील व्होस्तोक येथे रशियनांनी १९९८ पर्यंत ३६०० मीटरांहून खोल छिद्र पाडून चार लाख वर्षांचा बर्फ वर काढला. पुढे युरोपीय शास्त्रज्ञांनी दुसऱ्या ठिकाणी आठ लाख वर्षांपर्यंत मजल मारली. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडणाऱ्या संशोधकांनाही हेवा वाटावा असा हा संग्रह! त्याची साक्ष अशी : त्या आठ लाख वर्षांत हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३०० भाग, ह्या मर्यादेपलीकडे तो गेला नव्हता. आज तो ४२० भागांच्या वर आहे.

दप्तराला आग आणि वाळवी ह्यांचे भय असते, हे आम्ही कारकून जाणतो. बर्फाच्या दप्तराला भय ओलीचे. १९७९ पासून उत्तर ध्रुवप्रदेश उर्वरित पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवतो. तो वितळला की खालचा काळा समुद्र तोच प्रकाश पोटात घेतो, आणि ऊब उबेला वाढवत जाते. २० जून २०२० रोजी सैबेरियातील व्हर्खोयान्स्क येथे पारा ३८ अंशांवर गेला. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या हिमपठाराच्या माथ्यावर पाऊस पडला. तेथील नोंदींत असे पूर्वी कधी घडले नव्हते. मार्च २०२२ मध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात तपमान नेहमीपेक्षा सुमारे ४० अंशांनी चढले. तेथे पारा तरीही शून्याखालीच राहिला. पण जेथे बर्फ वितळतो, तेथे पाणी थराथरांतून झिरपते आणि कागदावरची शाई फुटावी तशा जुन्या नोंदी एकमेकींत मिसळतात. म्हणूनच डोंगरांवरच्या हिमनद्यांतला बर्फ वेळेवर कोरून काढून अंटार्क्टिकाच्या थंडीत जपण्याचा उपक्रम काही शास्त्रज्ञांनी हाती घेतला आहे.

ह्याची चर्चा चंदीगडात बसून का करावी? एक तर हिमालयाला 'तिसरा ध्रुव' म्हणतात आणि तो येथून फार दूर नाही. आमच्या नळाला येणारे पाणी बरेचसे काजौलीहून, भाक्रा कालव्यातून, म्हणजे सतलजचे येते. आणि सतलजमध्ये वितळलेल्या हिमाचा वाटा मोठा. दुसरे असे, की ह्या सपाट, उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या शहरात, सेक्टर ३७ मध्ये, हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था आहे. १९६९ साली मनालीस सुरू झालेल्या मूळ संस्थेचे नाव २०२० साली बदलले, काम राहिले. तिची माणसे अंटार्क्टिकाच्या मोहिमांतही गेली आहेत. जुलै २०२३ मध्ये ह्याच शहरात एका अहोरात्रात ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला आणि सुखना सरोवराचे दरवाजे उघडावे लागले. एका पावसाचे खापर ध्रुवांवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, हे शास्त्रच सांगते.

सरकारनेही ध्रुवांवर ठाणी बसवली आहेत. 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ च्या मोहिमेत उभी राहिली. नागपुरास जन्मलेल्या डॉ. अदिती पंत त्या मोहिमेत होत्या. ते ठाणे पुढे बर्फातच गाडले गेले. आता 'मैत्री' आणि 'भारती' आहेत, उत्तरेस 'हिमाद्री' आहे. २०२४ साली 'भारती'वर टपाल कचेरी उघडली, आणि तिचा पिनकोड एमएच-१७१८! मुलखापासून कितीही दूर गेलो, तरी पत्त्यात महाराष्ट्र येतोच, हे पाहून येथील मराठी मंडळींना गंमत वाटेल.

परंतु तिकडून गोव्याला वर्षाकाठी येणाऱ्या टपालाच्या थैलीखेरीज दुसरेही काही येत आहे. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात जातो आणि समुद्र चढतो. आपल्यापैकी कित्येकांनी निवृत्तीनंतर परतण्यासाठी मनात बांधलेले घर रत्नागिरीस, मालवणास किंवा वसईस, त्याच समुद्राच्या काठी आहे. परत जाण्याचे ठिकाण आहे, एवढ्याच आधारावर परमुलखातली वर्षे निघतात.

कचेरीत नस्ती गहाळ झाली, तर शोध होतो, जबाबदारी ठरते, क्वचित नक्कलही सापडते. ह्या दप्तराला रखवालदार नाही. त्याचे रक्षण हवा करते, आणि ती आपल्या वीजघरांच्या, मोटारींच्या, कारखान्यांच्या धुराने आपणच बदलतो आहोत. आठ लाख वर्षांच्या पानांवर जो अंक कोठेही नाही, तो आपल्याच काळात लिहिला गेला. ते पान तरी वाचण्याजोगे राहावे, आणि वाचणाऱ्याला परतायला घर असावे, एवढीच आमची इच्छा आहे.