आधी पडायला शिकायचं

म्युनिकमधला माझा दुसरा हिवाळा होता. साडेचारला अंधार पडायचा. ऑफिसातून घरी आलं की झोपेपर्यंत मी फोन बघत बसायचे. शेवटी एक सहकारी म्हणाला, "एकटं वाटतंय ना? मग कुठल्या तरी क्लबात नाव घाल." जर्मनीत सगळ्याचे क्लब असतात, गाण्याचा, नेमबाजीचा, अगदी ससे पाळणाऱ्यांचासुद्धा. मी स्कीइंगच्या क्लबात नाव घातलं, कारण फेब्रुवारीत त्यांची इन्सब्रुकला चार दिवसांची सहल होती. तीन दिवस डोंगर आणि एक दिवस शहर. माझा हिशेब सरळ होता. तीन दिवस कॅफेत बसून कॉफी प्यायची, चौथ्या दिवशी शहर बघायचं.

काठावर बसायची मला सवयच आहे. आबा वाईच्या एका शाळेत पीटीचे सर होते. पीटीच्या सरांची मुलगी मैदानात धडपडली तर पोरं हसतील, म्हणून खेळाच्या तासाला माझ्याकडे कायम गुण लिहायचं काम असायचं. आमच्या घरी पडणं ही लपवायची गोष्ट होती. गुडघा फुटला तर फ्रॉक खाली ओढायचा आणि हळद घरी जाऊन लावायची.

बस सकाळी सहाला निघाली. म्युनिक ते इन्सब्रुक जेमतेम दोन तासांचा रस्ता. बसमधले बहुतेक जण साठीच्या पुढचे होते आणि सगळे लहानपणापासून स्की करणारे. माझ्या शेजारी ७१ वर्षांच्या एक आजी बसल्या. त्यांचा एक गुडघा कृत्रिम होता. कॅफेचा माझा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "कॅफे म्युनिकमध्येही आहेत."

आम्ही गेलो तो डोंगर पाचरकोफेल. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच उतारावर फ्रान्झ क्लामर पिवळ्याधमक सूटमध्ये उतरला आणि ०.३३ सेकंदांनी सुवर्णपदक घेऊन गेला. यूट्यूबवर ती शर्यत बघा. जवळपास दोन मिनिटं सतत वाटत राहतं, की हा आता पडणार, आत्ता पडणार.

आमच्या वेळी मात्र पायथ्याला बर्फ कमीच होता. तपकिरी गवतामधून यंत्राने फवारलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा खाली येत होता. आजी म्हणाल्या, ही काही आजची गोष्ट नाही. १९६४ च्या ऑलिंपिकलाही इथे बर्फ पडला नव्हता. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी ४०,००० घनमीटर बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला होता. हे ऐकून मला का कोण जाणे, बरं वाटलं. एवढ्या मोठ्या डोंगरालाही कधीतरी हात द्यावा लागतो.

भाड्याचे बूट घातले आणि माझी चाल रोबोटसारखी झाली. नवशिक्यांच्या उतारावर माझ्या आजूबाजूला चार-पाच वर्षांची पोरं सुळसुळ जात होती. मी स्की पायात अडकवल्या आणि विचारलं, "आता पहिलं काय शिकायचं?"

"पडायचं," आजी म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी खरंच पाऊण तास मला पडायला लावलं. तोल गेला की हात टेकवून स्वतःला सावरू पाहायचं नाही, मनगट जातं. अंग सैल सोडून बाजूला, कुल्ल्यावर बसल्यासारखं पडायचं. मग उठण्याचा धडा. घाईने उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, पाय आपल्यापेक्षा खालच्या बाजूला घ्यायचे, आणि मगच हाताने रेटा देऊन उभं राहायचं. स्की उताराच्या दिशेला असतील तर उठता उठताच पुन्हा घसराल.

त्यानंतर थांबायचं कसं, ते. दोन्ही पायांची पुढची टोकं जवळ आणणं आणि टाचा फाकवणं. जर्मनमध्ये या आकाराला बर्फाचा नांगर म्हणतात. तो नांगर माझ्याच्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धरवला नाही. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा पडले. एकदा एका लहान मुलाच्या पुढ्यातच पडले. तो थांबला, माझी निसटलेली काठी आणून दिली आणि निघून गेला. हसला नाही. कोणीच हसत नव्हतं. माझं लक्ष आपोआप गुडघ्याकडे जात होतं, फ्रॉक खाली ओढायला. तिसऱ्या दिवशी तो छोटा उतार मी न पडता उतरले, तेव्हा आजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, "आता त्या वरच्या उतारावर पड."

चौथा दिवस शहराचा. सोन्याचं छप्पर म्हणून प्रसिद्ध असलेला तो सज्जा पाहिला. बेर्गिझेलच्या टेकडीवर झाहा हदीदने आखलेला स्की-जंपचा मनोरा पाहिला. उडी घ्यायला वर बसलेल्या खेळाडूला समोर खाली शहर दिसतं आणि त्यात नेमकी चर्चची दफनभूमी दिसते. मग हॉफकिर्श या चर्चमध्ये गेलो. आत मॅक्सिमिलियन बादशहाची भव्य कबर आणि तिच्या दोन बाजूंना माणसापेक्षा मोठे २८ काळेभोर ब्राँझचे पुतळे, जणू पहाऱ्यावर. पण कबर रिकामी आहे. बादशहाला पुरलंय दुसऱ्याच गावात, व्हीनर नॉयश्टाटला. शेकडो वर्षं ही सगळी मंडळी तिथे नसलेल्या माणसासाठी उभी आहेत. मला वाईतली माझी खोली आठवली. टेबलावर बारावीची पुस्तकं, गादीवर दर रविवारी बदललेली चादर. मी बाहेर येऊन आबांना व्हिडिओ कॉल लावला.

रस्त्याच्या टोकाला उभे असलेले बर्फाचे डोंगर त्यांना दाखवले. मग सांगून टाकलं, "आबा, मी सतरा वेळा पडले."

"लागलं का?"

"नाही. इथे आधी पडायलाच शिकवतात."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. नेट गेलं असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिले.

"मीही पडलो होतो," आबा म्हणाले. "संक्रांतीच्या आधी. मोरीत. अर्धा तास उठताच येईना."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"तू तिकडे लांब. तुला सांगून काय होणार होतं?"

मला राग आला होता. पण त्या महिन्यात मीही त्यांना काय सांगितलं होतं? दर रविवारी "सगळं मस्त चाललंय." आम्ही दोघं आपापला फ्रॉक खाली ओढत बसलो होतो.

"आबा, उठलात कसे?"

"बादली धरून. दोनदा पुन्हा घसरलो."

मग रस्त्यावर, ट्रामच्या आवाजात, मी त्यांना शिकवलं. लगेच उठायचं नाही. आधी श्वास घ्यायचा. कुशीवर वळायचं, मग गुडघ्यांवर यायचं, मग हलणार नाही असं काही धरायचं, बादली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं पोरांना कवायत शिकवलेला माणूस.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी फोन कपाटाला टेकवून ठेवला, खाली सतरंजी अंथरली आणि तिच्यावर सावकाश आडवे झाले.

"आता सांग," ते जमिनीवरून म्हणाले. "आधी कुठल्या कुशीवर?"