गणित शिकून काय व्हावयाचें?



हा प्रश्न मला प्रथम विचारण्यांत आला तो आमच्या कुरुंदा गांवच्या पारावर. बारावीचा निकाल लागला होता व गणितांत मला शंभरांपैकीं शहाण्णव गुण मिळाले होते. जो तो म्हणे, "आतां इंजिनियर हो." इंजिनियरिंगची फी व शहरांत राहण्याचा खर्च यांचा हिशेब मांडला, तेव्हां आमच्या तीन एकरांपैकीं एक एकर विकावा लागेल असें दिसून आलें. परंतु जमिनीची काळजी हें माझें अर्धेंच कारण होतें. मला यंत्रांची ओढ नव्हती; मला गणित आवडत होतें. म्हणून मीं नांदेडच्या एका कॉलेजांत बी. एस्सी.साठीं नांव घातलें. गांवांत त्याचें थोडें हंसें झालें. "गणित शिकून मास्तर होणार, दुसरें काय!" असें एका वृद्ध गृहस्थांनीं वडिलांच्या देखतच म्हटलें. वडील कांहीं बोलले नाहींत, पण ते शब्द त्यांना लागले हें मला कळलें.

पहिल्याच सहामाहींत माझा गर्व उतरला. परीक्षेंत एक प्रश्न असा होता कीं, दोनचें वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाच्या रूपांत लिहितां येत नाहीं हें सिद्ध करा. मीं मोठ्या ऐटींत १·४१४२१३५६ असे आठ दशांश अंक लिहिले व पुढें "इत्यादि" असें जोडलें. गुरुजींनीं त्या उत्तरास शून्य दिलें. इतर प्रश्नांचीही तीच गत झाली. पन्नासांपैकीं अकरा गुण घेऊन मीं घरीं आलों, तो कॉलेज सोडण्याचा निश्चय करूनच.

ते हळदीचे दिवस होते. आमच्या वसमत तालुक्यांत त्या सुमारास शेतोशेतीं हळद शिजत असते आणि वाळवणानें अंगणें पिवळीं होतात. वडील कढईजवळ बसले होते. मीं त्यांना सर्व हकीकत सांगितली. ते सातवीपर्यंत शिकलेले. वर्गमुळाचा प्रश्न त्यांना काय सांगावा, असें मला वाटलें. पण त्यांनीं विचारलें, "तुझें उत्तर चुकलें होतें काय?" मीं म्हटलें, "नाहीं बाबा, अंक बरोबर होते. पण तें तसेंच कां, तें मला दाखवितां आलें नाहीं." त्यावर ते म्हणाले, "अरे, आपण मोंढ्यांत हळद घेऊन जातों, तेव्हां पोतें काट्यावर चढविण्याआधीं काय पाहतों? रिकामा काटा शून्यावर आहे कीं नाहीं, तें. तो शून्यावर नसेल, तर पुढचें वजन कितीही बारकाईनें वाचलें तरी काय कामाचें? तुझे गुरुजी तुला काटा पाहावयास शिकवीत आहेत. तूं मात्र नुसतें वजन वाचून दाखविलेंस."

शाळेंतील गणित व कॉलेजांतील गणित यांतील भेद इतक्या थोड्या शब्दांत मला दुसऱ्या कोणीं सांगितला नाहीं. मी परत गेलों. दोनचें वर्गमूळ संक्षिप्त अपूर्णांक आहे असें क्षणभर मानलें, तर त्याचा अंश व छेद हे दोन्ही समच असले पाहिजेत असें निघतें. पण मग तो संक्षिप्त नव्हे. म्हणून मूळचें मानणेंच खोटें. ही चार ओळींची सिद्धता मला ज्या दिवशीं स्वतः लिहितां आली, त्या दिवशीं कॉलेज सोडण्याचा विचार मनांतून गेला. पुढें कलनशास्त्र, बीजगणित, विकलन समीकरणें, संभाव्यता इत्यादि विषय आले. त्या सर्वांत प्रथम काटा पाहावयाचा असतो.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या शब्दांकडे वळूं. मास्तर होणें हें कांहीं हलकें काम नव्हे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९०५ सालीं डहाणूस जन्मले व नाशिकजवळ देवळाली येथें १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. त्यांच्यापाशीं एम. एस्सी.ची पदवीही नव्हती. तरी ६१७४ ह्या अंकास आज जगभर त्यांचें नांव आहे. तुम्हीच करून पाहा. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तीचें साल १९४८ घ्या. त्यांतील अंक उतरत्या क्रमानें लावले तर ९८४१, चढत्या क्रमानें १४८९, वजाबाकी ८३५२. पुन्हा तसेंच करा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. चारही अंक सारखेच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वरच येऊन थांबाल. अशा शोधाला पाटीपेन्सिलीहून अधिक साहित्य लागत नाहीं.

परंतु गणिताच्या पदवीधरानें मास्तरच व्हावें असेंही नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध ह्या खेड्यांत १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ झाले. शेतांतील पिकाचा अंदाज केवळ नजरेनें न करतां, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे जमिनीचे लहान तुकडे निवडावयाचे, तेवढ्याचीच कापणी करून उत्पन्न मोजावयाचें, व त्यावरून सबंध मुलखाचें पीक गणितानें काढावयाचें, ही रीत आपल्या देशांत रुजविण्याचें मोठें काम १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं केलें. पुढें ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पीककापणी प्रयोगाचा तोच पाया २०१६ सालीं सुरू झालेल्या पीकविमा योजनेंतही आला. मी एम. एस्सी.नंतर ह्याच आंकड्यांच्या कामांत शिरलों. ज्या मुलखाला मी लहानपणीं केवळ आपलें शिवार म्हणून ओळखत होतों, त्याचें पीक किती, हा प्रश्न आज माझ्या टेबलावर असतो. आणि कोणता तुकडा निवडला, कसा निवडला, हें मी उत्पन्नाच्या आंकड्याआधीं पाहतों.

दुसऱ्याही वाटा आहेत. ज्यांना संख्याशास्त्र आवडतें त्यांच्यासाठीं केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेतो. विमा कंपन्यांना आयुष्याचें व अपघाताचें जोखीम मोजणारे विमागणिती लागतात. त्यांच्या परीक्षा अनेक व कठीण असतात, पण नोकरी करीत करीत त्या देतां येतात. संगणकाच्या क्षेत्रांत आंकड्यांच्या राशींतून अर्थ काढणाऱ्यांना मागणी आहे. इंटरनेटवरून पाठविलेला निरोप गुप्त राखण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांतील एक प्रसिद्ध रीत १९७७ सालीं निघाली. ती मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडणें फार कठीण असतें एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. शाळेंत शिकवावयाचें असल्यास बी. एस्सी.नंतर बी. एड., कॉलेजांत शिकवावयाचें असल्यास एम. एस्सी.नंतर नेट किंवा सेट. आय. आय. टी.मध्यें एम. एस्सी. करावयाची असल्यास जॅम नांवाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. संशोधनाची आवड असेल तर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर ह्या संस्था आहेत.

आणि ज्यांना हें सारें दूरचें वाटतें, त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथकडे पाहावें. तेथें गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनें ह्या लांबींत जो फरक पडतो, तो अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉनहूनही कितीतरी लहान असतो. अशी लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील वेधशाळांना सांपडली. गोंगाटांतून ती क्षीण खूण वेगळी काढण्याचें गणित बसविण्यांत पुण्याच्या आयुका संस्थेंतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. नागनाथाच्या यात्रेला आपण ज्या वाटेनें जातों, त्या मुलखांत हें गणित येऊं घातलें आहे.

तथापि पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसती बी. एस्सी.ची पदवी हातीं पडतांच नोकरी दारीं येते असें नाहीं. पुढची दोन वर्षें, एखादी परीक्षा, संगणकाचें थोडें ज्ञान, हें बहुतेकांना लागतेंच. माझ्या बरोबरीचे इंजिनियर कमावूं लागले, तेव्हां मी वडिलांच्या पैशांवर शिकत होतों. तीं वर्षें आम्हां दोघांनाही जड गेलीं. शहाण्णव गुण पडले एवढ्यावरून मुलाला गणितांत घालूं नये, व बासष्ट पडले म्हणून त्याला परतवूंही नये. उत्तर आल्यावर मूल वही मिटतें, कीं "असें कां?" म्हणून विचारीत राहतें, हें पाहावें. जें विचारीत राहतें, त्याला हा विषय सहसा टाकीत नाहीं.

यंदा माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिनेंही गणितच घ्यावयाचें ठरविलें आहे. तो एक एकर अजून आमचाच आहे. त्यांत हळद उभी आहे. तिचा निर्णय ऐकून वडिलांनीं "पुढें काय होणार?" असें विचारलें नाहीं. ते तिला एवढेंच म्हणाले, "बाई, आधीं काटा पाहत जा."