न लिहिलेले संवाद

छापील पुस्तकात कोरे पान निघाले, तर ग्राहक ते परत आणून देतो. म्हणूनच पुस्तकाच्या व्यवसायातील माणसाला कोऱ्या पानाची धास्ती वाटते. मी मात्र एकदा निम्मी पाने मुद्दाम कोरी ठेवलेले पुस्तक काढले आणि ते घेऊन कुडाळच्या एका ग्रंथप्रदर्शनात दिवसभर बसले. त्या दिवसाची ही हकीकत आहे.

माझे वडील दशावतारी नट होते. नेरूर, वालावल, पाट अशा गावांच्या जत्रांत रात्र रात्र उभे राहून त्यांनी राजे आणि राक्षस रंगवले. तुम्ही कोकणाबाहेरचे असाल, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. परंपरेने दशावताराला लिखित संहिता नसते. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार होतो. मग पुराणातील एखादे आख्यान उभे राहते. कोण केव्हा येणार आणि कोणाचे युद्ध कोणाशी होणार, एवढेच ठरलेले असते. संवाद मात्र नट समोरच्याचे बोलणे ऐकून त्या क्षणी रचतो. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या चित्रकथीचीही रीत अशीच आहे: चित्रे पोथीत, कथा मुखात. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

वडील गेल्यावर त्यांचे संवाद पुस्तकरूपाने काढावेत, असे माझ्या मनात होते. त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. प्रत्येक आख्यानाला अर्धे पान. त्यात पात्रांची नावे आणि प्रवेशांचा क्रम. बाकी पान कोरे. जे छापायचे होते, तेच त्या वहीत नव्हते. शिवाय स्त्रीभूमिकाही पुरुषच करत आलेल्या त्या रंगमंचावर मी कधी उभी राहिले नव्हते. त्यामुळे त्यांचे बोलणे कागदावरूनही माझ्याकडे आले नाही आणि मंचावरूनही नाही.

पुढे भूमिका-खेळांविषयी माझ्या वाचनात आले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ एका लहानशा प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,०००. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण सूत्रे सांभाळतो, इतर जण एकेक पात्र घेतात. नियम पुस्तकात असतात, बोलणे खेळणाऱ्यांचे असते आणि यशापयश फाशांवर ठरते. हे वाचताना मला ती वही आठवली. तिच्या आधारे मी एक पुस्तिका तयार केली. फाशांच्या जागी पाच कवड्या घेतल्या, सूत्रे सांभाळणाऱ्याला सूत्रधार म्हटले आणि संवादांची पाने कोरी ठेवली. परीक्षा-मार्गदर्शिकांच्या विक्रीतून बाजूला ठेवलेल्या पैशांत ३०० प्रती छापल्या.

प्रदर्शनात दुपारपर्यंत एकही प्रत गेली नाही. शेजारच्या गाळ्यावर शब्दकोश आणि पाककृतींची पुस्तके खपत होती. एका शिक्षकांनी पाने चाळून मला हळूच सांगितले, ‘‘बाई, यात छापायचे राहून गेले आहे.’’ दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘मजकूर निम्मा आहे, तर किंमतही निम्मी करा.’’ मी हसले खरी; पण जेवणाचा डबा तसाच राहिला. वडिलांची वही खरोखरच अपुरी होती आणि मी तो अपुरेपणा विकायला बसले आहे, असे मला वाटू लागले.

तिसऱ्या प्रहरी एक वृद्ध गृहस्थ आले. पुस्तिकेतील एक पान त्यांनी मला वाचायला लावले आणि पात्रांचा क्रम ऐकून विचारले, ‘‘ह्यो तुझ्या बापाशीचो क्रम मा?’’ ते एके काळी वडिलांबरोबर काम केलेले नट निघाले. पंख्याखाली खुर्च्या पाहून टेकलेल्या तीन महाविद्यालयीन मुलांना त्यांनी तिथेच थांबवून घेतले. ‘‘माका वाचूक येना नाय,’’ ते म्हणाले, ‘‘तू वाच, मी सांगतंय.’’

तिघांनी तीन पात्रे घेतली. संकासुर कोणी घेईना. म्हाताऱ्यांनी कवड्या माझ्यापुढे सरकवल्या.

‘‘मला त्याचे संवाद ठाऊक नाहीत,’’ मी म्हणाले.

‘‘ते कोणाकच म्हायत नसतत.’’

मग मी बोलू लागले. पहिली दोन वाक्ये अडखळली. तिसऱ्या वाक्याला मी समोरच्या मुलाचा शेवटचा शब्द उचलला आणि तिथूनच माझे उत्तर सुरू केले. मुले हसली. म्हातारे मात्र हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. समोरच्याचा शेवटचा शब्द उचलण्याची ती लकब माझ्या वडिलांची होती. लहानपणी जत्रेत मांडवाच्या कडेला पेंगत बसून मी ती ऐकली होती. पण आपण ती जपली आहे, हे मला तोवर कळले नव्हते.

संध्याकाळपर्यंत चार प्रती गेल्या. त्यांतून गाळ्याचे भाडेही सुटले नाही. उरलेले गठ्ठे रिक्षात घालून मी घरी आले आणि वडिलांची वही पुन्हा उघडली. अर्ध्या पानाखालची ती कोरी जागा या वेळी मला रिकामी वाटली नाही. ती पुढे बोलणाऱ्यासाठी राखलेली होती.

तुम्हीही कदाचित दिवसभराचे काम संपवून रात्री एकटेच अभ्यासाला बसत असाल. तुमच्या घरातही असे कोणी असेल, ज्यांनी पुष्कळ सांगितले आणि लिहिले काहीच नाही. त्यांचे शब्द हरवले, असे घाईने ठरवू नका. एखाद्या दिवशी त्यांच्या विषयावर स्वतः बोलून पाहा आणि बोलताना आपलाच आवाज नीट ऐका.