पाणी आणि तारण

‘स्मृतिचित्रे’ शिकवताना टिळकांच्या धर्मांतरापाशी आम्ही दरवर्षी थोडे रेंगाळतो. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडी विस्कटली. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “श्रद्धा तर आधीच बसली होती. मग पाण्यावाचून काय अडले होते?”

तास संपला, प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. त्याला कारण आमची आजी. तिच्या उशाशी नवा करार असे. रोज रात्री ती ख्रिस्ताची प्रार्थना करी. बाप्तिस्मा मात्र तिने घेतला नाही. “घराची दोन घरं होतील,” एवढेच ती म्हणे. ती गेली तेव्हा तिची ख्रिस्ती मैत्रीण ओसरीवर बसून पुनःपुन्हा विचारीत होती, “माझी सखी तरली असेल ना?” तेव्हा आम्ही लहान होतो, मोठ्यांपैकीही कोणी उत्तर दिले नाही.

शास्त्र पाहावे तर तेही एकाच बाजूने बोलत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाण्याने व आत्म्याने जन्मण्याची अट सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात मात्र शेजारच्या वधस्तंभावरील अपराध्याला पाण्याच्या थेंबावाचून सुखलोकाचे आश्वासन मिळते. कर्नेल्याच्या घरी तर आत्मा आधी उतरतो आणि पाणी मागाहून येते. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा तारणास आवश्यक ठरविला. परंतु त्याची मनोमन इच्छा धरणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले. त्यापूर्वी कितीतरी शतके, ३९२ साली, सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच मरण पावला, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींचे सांत्वन याच आधारावर केले होते: त्याने मागितले होते, म्हणून त्याला मिळाले. बॅप्टिस्ट मंडळी याउलट बाप्तिस्म्याला तारणाचे साधन न मानता आधीच लाभलेल्या तारणाची जाहीर साक्ष मानतात.

मराठी मुलखात या वादाला आणखी एक बाजू आहे. येथे पाणी घेणे म्हणजे जात, घर आणि पंगत गमावणे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने गवसला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. टिळकांचा प्रवास याहून विलक्षण. ज्या पाण्यापायी त्यांनी स्वतः पत्नीचा विरह सोसला, त्याची अट त्यांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापताना घातली नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तशिष्य तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. किंमत मोजलेल्या माणसाने ती दुसऱ्याकडून मागू नये, यात आम्हांला त्यांची करुणा दिसते. पाणी व्यर्थ आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. व्यर्थ असते तर त्यासाठी टिळकांनी घर पणाला लावले नसते, आणि आजीनेही ते इतके जपून टाळले नसते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही हे सारे सांगितले. आजीच्या मैत्रिणीलाही आज अँब्रोजचे उत्तर देता आले असते. मात्र ते उत्तर इच्छेवर उभे आहे, आणि आजीला तशी इच्छा होती का, हे तिला कधी कोणी विचारलेच नाही.