गुरुजींच्या कॅमेऱ्यातील नऊ चौकटी

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले, तेव्हा कार्यालयातील पत्र्याच्या पेटीतून फार काही हाती लागेल अशी अपेक्षा नव्हती. वसतिगृहाच्या आरंभीच्या वर्षांची हजेरीपत्रके होती, धान्याच्या पावत्या होत्या, समाजकल्याण खात्याशी झालेला पत्रव्यवहार होता. छायाचित्रे मात्र अवघी चार निघाली, आणि त्या चारही छायाचित्रांत पाहुणे पुढे व मुले मागे अशीच मांडणी होती. पेटीच्या तळाशी एका विटलेल्या पंच्यात गुंडाळलेला कॅमेरा मिळाला. आपले पहिले अधीक्षक, कालकथित गुरुजी, यांचा तो आग्फा क्लिक थ्री. त्याच्या काळ्या अंगाला एका कोपऱ्यात तडा गेला होता, फिल्म पुढे सरकविण्याची कळ जागच्या जागी अडकली होती. मागच्या बाजूच्या लहानशा लाल खिडकीतून टॉर्चच्या मंद उजेडात पाहिले, तर आत नऊचा आकडा दिसला. कॅमेरा रिकामा नव्हता.

माईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, विचारल्यावर थोडा उलगडा झाला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डिंभ्याकडच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरताना तो गुरुजींच्या खांद्यावरून निसटला. दुरुस्तीला पैसे नव्हते असे नाही. पण ज्या महिन्यात पीठ उसने आणावे लागते त्या महिन्यात कॅमेऱ्यावर खर्च करणे गुरुजींच्या स्वभावात बसणारे नव्हते. पुढे तो प्रश्न मागे पडला तो पडलाच. माई एवढेच म्हणाल्या, "कुणी उघडायला गेलं की ते म्हणायचे, हात लावू नका, आतमध्ये पोरं आहेत."

त्या पोरांना बाहेर कसे काढावे, हा प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यातून गेला नाही.

आजच्या विद्यार्थ्यांना याचे अप्रूप वाटणार नाही, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या घरी फोनमध्ये शेकडो चित्रे असतात. आमच्या पिढीच्या घरांत भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर असे. आपल्या माणसाची नसे. माझे स्वतःचे पहिले छायाचित्र दहावीच्या परीक्षेच्या अर्जासाठी निघाले. ज्यांची छायाचित्रे निघत नव्हती, त्यांच्यापैकीच कोणीतरी पदरमोड करून यंत्र हाती घ्यावे लागते, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा तिचे चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी स्वतःच्या पैशाने केले, म्हणून तो जनसागर आज आपल्याला हलताना दिसतो. गुरुजींचा उद्योग त्यामानाने फारच लहान होता. मुलाला वसतिगृहात सोडायला जे कोणी आले असेल त्याच्यासह मुलाचे एक छायाचित्र घ्यायचे, आणि सुट्टीत गावोगाव फिरताना उरलेली फिल्म संपवायची, असा त्यांचा परिपाठ होता.

शहरातील एका स्टुडिओत कॅमेरा दाखविला. तेथील गृहस्थांनी तो हातात न घेताच सांगितले, की इतक्या वर्षांची फिल्म धुण्यात अर्थ नाही, त्यावर धुक्याखेरीज काही येणार नाही. त्यांचे म्हणणे शास्त्राला सोडून नव्हते. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांत इतका अल्प बदल होतो की तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरच्या द्रावणात मात्र तेच कण काळ्या चांदीत रूपांतरित होतात आणि चित्र प्रकटते. तोवर ते चित्र असते, पण दिसत नाही. अडचण अशी, की उष्णता, दमट हवा आणि काळ यांच्यामुळे प्रकाश न पडलेले कणही हळूहळू तसेच वागू लागतात. मग सर्वत्र सारखीच काळोखी चढते आणि तिच्यात चित्र बुडते.

तरीही मला धीर होता तो एका जुन्या हकिगतीमुळे. १८९७ मध्ये तीन स्वीडिश संशोधक बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि नाहीसे झाले. १९३० मध्ये एका बर्फाच्छादित बेटावर त्यांचे अवशेष सापडले. सोबत त्यांच्या फिल्मही. तेहेतीस वर्षे बर्फात राहिलेल्या त्या फिल्म स्टॉकहोममध्ये अतिशय जपून धुतल्या गेल्या आणि त्यांतून ९३ छायाचित्रे मिळाली. अर्थात त्यांना बर्फाने सांभाळले होते. आमची पेटी जुन्नरच्या पत्र्याखाली, तीसहून अधिक उन्हाळे आणि तितकेच पावसाळे काढून बसलेली.

महाविद्यालयात असताना नारायणगावातील एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत मी काही वर्षे काम केले होते. ती विद्या पुन्हा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. धान्याच्या कोठीला खिडकी नाही, म्हणून तीच निवडली. दाराच्या फटी घोंगड्यांनी बुजविल्या. या जातीच्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही. सगळे काम पूर्ण अंधारात, बोटांच्या भरवशावर. कळ अडकलेली असल्याने फिल्म यंत्राने गुंडाळता येत नव्हती. मागचे झाकण काढले, आणि जिथे फिल्म थांबली होती तिथून पुढचा, न वापरलेला भाग कात्रीने वेगळा केला. कॅमेऱ्यात बारा चित्रांची फिल्म बसते; नऊच्या पुढचा तुकडा कोराच असणार. त्यावर प्रयोग करता येणार होते, कारण मूळ नऊ चौकटींना संधी एकच मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी उजेडात पाठीमागच्या कागदावर नाव वाचता आले: 'इंदू'. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ती फिल्म. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना आता बंद पडला आहे. कोऱ्या तुकड्याची एक पट्टी नेहमीच्या पद्धतीने धुतली, ती जवळजवळ अपारदर्शक निघाली. दुसरीसाठी द्रावण बर्फाने थंड केले आणि त्यात पोटॅशियम ब्रोमाइडची मात्रा वाढविली. ब्रोमाइड ही काळोखी दाबून धरते. ती पट्टी राखी रंगाची, पण आरपार दिसणारी आली. तिसरीने वेळ ठरविली. मग रात्री पुन्हा कोठीत जाऊन मूळ गुंडाळी उलगडली. कागद व फिल्म बुरशीने जागोजागी चिकटली होती, आणि ती सुटताना होणारा बारीक आवाज अंधारात फार मोठा वाटत होता. डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी. दिवा लावला तेव्हा माझ्यासोबत जागे राहिलेले आमचे स्वयंपाकी माझ्या आधी वाकले.

नवव्या, आठव्या आणि सातव्या चौकटीत काहीच नव्हते; तड्यातून शिरलेल्या प्रकाशाने बाहेरचे वेढे जाळले होते. आतले वेढे मात्र बाहेरच्यांनी झाकले गेल्यामुळे वाचले. पहिली चौकट बुरशीने खाल्लेली. दुसरीत पत्र्याच्या शेडसमोर वंदनेला बसलेली मुले, चेहरे ओळखू न येण्याइतके लहान. चौथीत नुसती जमीन आणि तिच्यावर गुरुजींची लांब सावली. पाचवीत तुळजा लेण्यातील ते गोलाकार चैत्यगृह, त्याच्या बारा खांबांमधून डोकावणारी आमची सहल. उरल्या तिसरी आणि सहावी.

तिसऱ्या चौकटीत घराच्या ओट्याशी उभी एक बाई आहे, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. शेजारी पत्र्याची ट्रंक घेतलेला मुलगा. मागे उतरत्या कौलांची ओळ. हे जुने आंबेगाव. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गाव डिंभे धरणात, आजच्या हुतात्मा बाबू गेनू सागरात, बुडाले. कचेऱ्या घोडेगावी आहेत आणि नाव तेवढे मागे उरले. चित्र घेतले तेव्हा पाणी त्या ओट्यापर्यंत चढलेले नव्हते.

हजेरीपत्रकावरून मुलाचा शोध लागला. ते आता मंचरला असतात, नातवंडे आहेत. निरोप मिळताच आले. छायाचित्र हातात घेऊन बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांची आई त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेली, आणि तिचे दुसरे कोणतेही चित्र नाही, हे आम्हाला नंतर कळले. बोलले ते पिशवीविषयी: "हिच्यात भाकरी होत्या. चार. दोन मी एस.टी.तच खाल्ल्या." मग हलकेच म्हणाले, की आईचा चेहरा ते विसरले नव्हते, पण आता आपल्याला जे आठवत होते ते हेच का, याची खात्री देता येत नाही.

पाठीमागच्या कागदावर छापलेला तीनचा आकडा दमटपणामुळे फिल्मवर उमटला आहे आणि तो नेमका त्या माउलीच्या खांद्यावर आला आहे. आमचा एक माजी विद्यार्थी संगणकावर हे काम करतो. त्याने तो आकडा काढून, चेहऱ्याचा बुरशीने गेलेला थोडा भाग भरून, चित्र अगदी नवे करून देण्याची तयारी दाखविली. समितीतील काहींना ते पटलेही. माझे मत विरुद्ध होते. धूळ पुसावी, काळोखी कमी करावी, पण जे फिल्मवर नाही ते आपल्या मनाने रंगविले की ती बाई दुसरीच कोणीतरी होते. शेवटी निर्णय मुलावर सोपविला. साठीच्या आसपासच्या त्या मुलाने सांगितले, "आकडा राहू द्या. गाल नवा केला तर तो तिचा नसेल."

सहाव्या चौकटीत आपले पहिले स्वयंपाकघर आहे: तीन दगडांची चूल, धूर, आणि परातीत पीठ मळणारी एक स्त्री, जिने क्षणभर मान वर करून पाहिले आहे. चेहरा स्पष्ट आहे. पहिल्या तुकड्यांतील ज्यांना ज्यांना दाखविले त्यांनी तत्काळ ओळखले. सगळे म्हणाले, "मावशी!" नाव एकालाही सांगता आले नाही. कोणी म्हणाले घोडेगावकडच्या, कोणी म्हणाले ओतूरच्या. हजेरीपत्रकांत मुलांची नावे आहेत, पावत्यांवर ज्वारी-बाजरीची किलोंत नोंद आहे, गिरणीवाल्याची सही आहे. ते धान्य ज्या हातांनी शिजले त्यांची नोंद नाही.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत याच्या अगदी उलट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इरिल नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेखही तेथील शिलालेखांत आहे. ही माणसे कशी दिसत होती ते कधीच कळणार नाही, पण जेवणाची जागा कोणी दिली ते दगडात आहे. आपल्या भोजनगृहात जी राबली तिचा चेहरा आपल्यापाशी आहे.

ते छायाचित्र या स्मरणिकेत पूर्ण पानभर छापले आहे. मावशींना ओळखणारे, त्यांच्या गावचे किंवा नात्यातले कोणी असल्यास त्यांनी वसतिगृहाच्या कार्यालयात कळवावे. मूळ फिल्म ज्या पाकिटात ठेविली आहे, त्यावर सहाव्या चौकटीपुढची ओळ कोरी ठेवली आहे.